बहात्तर पायऱ्या आणि चार दिवे

टेंभीखेडच्या पाण्याच्या टाकीला बहात्तर पायऱ्या आहेत. हे गावात एकाच माणसाला ठाऊक होतं, कारण बाकी कोणावर मोजायची पाळीच आली नव्हती. कचरू सरकटे त्या बावीस वर्षं मोजत होता. सकाळी एक डाव, दुपारी एक डाव, सांजच्याला एक डाव. वर जायचं, झाकण सरकवायचं, आत डोकं घालून पाणी किती खाली गेलं ते पाहायचं आणि खाली यायचं. मग ठरवायचं, मोटार चालू ठेवायची का बंद करायची, अन् कोणत्या आळीचा वॉल्व्ह खोलायचा. टाकी बांधली तेव्हा बाहेरून पाणी दाखवणारी काट्याची पट्टी होती. ती पहिल्याच वर्षी वाकडी झाली. तेव्हापासून गावाचा काटा म्हणजे कचरूच.

घड्याळ पाहून हे काम होत नाही. लाइन कधी येते, कधी जाते, कधी तीनातली एक फेज बसते. एकीकडं पाणी चढत असतं अन् दुसरीकडं गाव ते उपसत असतं. त्यात वरली आळी टेकाडावर. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की तिथल्या तोट्या नुसत्या फुसफुसतात. म्हणून अर्ध्याच्या वर पाणी असतानाच वरल्या आळीचा वॉल्व्ह खोलायचा, हा कचरूचा कायदा. तो त्यानं बावीस वर्षांत क्वचितच मोडला होता.

मग दिवाळीनंतर उजवा गुडघा बिघडला. मेहकरच्या डॉक्टरनं फोटो काढला, गादी घासली म्हणाला, पायऱ्या बंद करा म्हणाला. कचरूनं गोळ्या घेतल्या अन् पायऱ्या चालू ठेवल्या. जानेवारीत एका सकाळी चाळिसाव्या पायरीवर गुडघा दुमडला तो सरळच होईना. दोन्ही हातांनी गजाला धरून तो बराच वेळ लोंबकळल्यासारखा उभा राहिला. पाहणारा एकच होता, पण तो नेमका जानराव निघाला.

जानराव वरल्या आळीतला म्हातारा. त्याच्या पोटात भाकर टिकते, गोष्ट टिकत नाही. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो उभा राहिला.

"हा कचरू एखाद्या दिवशी टाकीवरून खाली येईन, पण पायऱ्यांनं येणार नाई. मंग झेंडा फडकवजा."

सरपंच गजेंद्र चौतीस वर्षांचा. लहानपणी टाकी भरून सांडायला लागली की त्या धारेखाली आंघोळीला येणाऱ्या पोरांत तोही होता, अन् कचरूनं त्याला दोन-चार डाव पळवलंही होतं. त्याला बोलणं जड गेलं, पण तो बोलला.

"कचरूकाका, तुम्ही पडले तं मी काकूले काय सांगू? पायऱ्या चढू शकते असा माणूस पायजे. महाराष्ट्र दिनाच्या सभेत दुसरा नेमू. तवरोक सांभाळा."

"अन् चढाव न लागता पाणी कळलं तं?" कचरूनं विचारलं.

सभा हसली. जानराव म्हणाला, "पाणी काय वरतून हाका मारणार हाय तुले?"

"मारंन," कचरू म्हणाला.

घरी आल्यावर शालूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ताट वाढलं आणि समोर बसली. "काय बोलून आले वो तुम्ही सभेत? आख्ख्या गावात होऊन राह्यलं."

"बोललो ते करीन."

"कसं?"

"ते माहीत नाई अजून."

अगदीच माहीत नव्हतं असं नाही. जानेफळच्या स्टँडजवळ महामायाचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. बाई आयटीआय शिकलेली, हातानं तांब्याची तार गुंडाळते तर पाहत राहावं अशी. पंचायतीच्या मोटारीचा पॅनल तिच्याकडंच जातो. त्या दुकानात कचरूनं एक गंमत पाहिली होती. काउंटरवर तळहाताएवढा निळा बोर्ड होता. गिऱ्हाईक जवळ आलं की दिवा लागायचा, लांब गेलं की इझायचा. महामायाला तो नाद होता. काम नसलं की असलं काही जोडत बसायची. कचरूनं तेव्हा फक्त एवढंच पाहून ठेवलं होतं, की त्या बोर्डाला माणूस किती लांब आहे ते शिवल्याशिवाय कळतं. माणूस कळतो तर पाणी का कळू नये?

तो दुसऱ्याच दिवशी गेला. "ताई, ते मले शिकवा."

"शिकवा?" महामायानं पक्कड खाली ठेवली. "कचरूभाऊ, काय पायजे ते सांगा, मी बनवून देईन. नाईतं बजारात तयार भेटते."

"तयार आणलं होतं पंचायतीनं. टाकीचं पाणी दाखवणारी काचेची पाटी, तिच्यात आकडे. चार महिन्यांत आंधळं झालं. बसवणारा पुन्हा गावात दिसला नाई. मी उघडाले गेलो तं आतून सारं डांबर ओतल्यासारखं बुजवलेलं. मले उघडता आलं पायजे. बिघडलं तं काऊन बिघडलं ते समजलं पायजे."

"इंग्रजी येते?"

"आठवी पास हाय. अक्षरं वळखतो. मोटारीवरच्या पाट्या वाचूनच तं दिवस गेले."

महामायानं त्याच्याकडं पाहिलं. एक्कावन्न वर्षांचा माणूस, शर्टाच्या खिशात पान्हा. "मंगळवारी अन् शनिवारी दुपारी या," ती म्हणाली. "दोनशे पानी वही आणजा."

पहिल्या दिवशी तिनं त्याच्या हातावर बोर्ड ठेवला. "हा हुकूम पाळणारा गडी हाय. पण भल्ला बयताड. सांगतलं तेवढंच करते. तुमच्या मनात काय होतं ते याले कळत नाई."

"म्हंजे पंचायतीत नवा लागलेला शिपाई."

"त्याच्याहून बरा. इसरत नाई."

हुकूम लिहायचे लॅपटॉपवर, मग वायरीनं बोर्डात उतरवायचे. कचरूनं आधी सगळं वहीत उतरवलं. एकेक अक्षर चित्रासारखं काढलं, कंस सुद्धा. मग एका बोटानं लॅपटॉपवर हाणायला बसला. लॅपटॉपनं लाल अक्षरांत नाही म्हटलं.

"ओळीच्या शेवटी टिंब अन् खाली शेपटी राह्यली," महामायानं दाखवलं. "त्याशिवाय याले हुकूम संपला हे कळत नाई."

शेपटी दिली. दुसऱ्या ओळीची राहिली. ती दिली तर एक कंस उघडाच निघाला. मग लहान अक्षराच्या जागी मोठं सापडलं. महामाया दोन मोटारी गुंडाळून मोकळी झाली तरी कचरू त्याच दहा ओळींत होता. तिनं एकदा विचारलं, "मी पाहू का?" तो म्हणाला, "नोको." शेवटी लॅपटॉप गप्प झाला अन् बोर्डावरचा मुगाएवढा दिवा लुकलुकायला लागला. एक सेकंद चालू, एक सेकंद बंद.

कचरू पाहत राहिला. "हे संपते कधी?"

"संपत नाई. करंट हाय तवर तेच. खालपर्यंत आलं की पुन्हा वरून सुरू. याले लूप म्हणतात."

"खोल, बंद कर, खोल, बंद कर. ही तं माह्यी नोकरीच झाली, ताई."

बोर्ड तिनं त्याला घरी नेऊ दिला. शालूबाईनं लुकलुकणारा दिवा इकडून पाहिला, तिकडून पाहिला. "याच्यासाठी आठ दिवस गेले? याच्याहून दिवाळीची माळ बरी. तिच्यात पन्नास राह्यते."

"ती माळ माह्यं ऐकत नाई."

"माह्यं तरी कोण ऐकते," ती म्हणाली अन् चुलीकडं वळली.

फेब्रुवारीत कचरू एक दिवा शिकला, मग चार दिवे, मग 'असं असलं तर हे कर, नसलं तर ते कर' हे शिकला. हे शेवटचं त्याला सगळ्यांत सोपं गेलं. पाणी अर्ध्याच्या वर असलं तर वरली आळी, नसलं तर खालची. हे तो बोर्डाच्याही आधी बावीस वर्षं करत होता. फक्त इंग्रजीत लिहायचं राहिलं होतं.

मग महामायानं सेन्सर काढला. घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन गोल भांडी. "यातलं एक ओरडते, दुसरं ऐकते. आपल्याले ऐकू येत नाई इतक्या बारीक आवाजात. आवाज समोर जाऊन आदळते, माघारी येते. किती वेळात आला ते बोर्ड मोजते. त्यावरून अंतर."

कचरूला जुन्या विहिरीत मारलेली आरोळी आठवली. खोल विहिरीत हाक उशिरा येते, हे गावातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. त्यानं हुकूम लिहिले, सेन्सर भिंतीकडं धरला. टेपनं चार फूट भरत होते. लॅपटॉप म्हणे आठ फूट.

"काऊन?" त्यानं विचारलं.

"सांगू?"

"नोको सांगू."

तो तसाच गावाकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसला. सांजच्याला खालच्या आळीचा वॉल्व्ह खोलून तो ओट्यावर बसला. दुसऱ्या दिवशी वार नसताना, दुकान उघडायच्या आधीच तो शटरसमोर उभा होता.

"ताई, दोननं भागाले इसरलो. आवाज जाते बी अन् येते बी. मी दोन्ही फेऱ्या मोजल्या, अंतर तं एकाच फेरीचं पायजे."

महामायानं कुलूप हातात धरूनच हसून घेतलं. "आता तुम्ही लागले लायनीले."

मार्च गेला जोडाजोडीत. टाकी आतून सात हात खोल. तिचे चार भाग केले. पाव, अर्धी, पाऊण, भरली. प्रत्येक खुणेला एक दिवा. पाणी खुणेच्या वर असेल तर दिवा चालू, खाली गेलं की बंद. सेन्सरचा आवाज लांब वायरीतून नीट येत नाही, म्हणून बोर्ड वर टाकीच्या तोंडापाशीच ठेवायचा अन् तिथून सहा तारांची केबल खाली आणून दिवे वॉल्व्हच्या खोलीच्या भिंतीला लावायचे, असं ठरलं. बोर्डाला ऊन-पाणी लागू नये म्हणून घट्ट झाकणाचा डबा पाहिजे होता.

"माह्या लोणच्याचा डबा कोठी गेला?" शालूबाईनं तीन दिवस विचारलं. चौथ्या दिवशी तिनं टाकीकडं मान वर करून पाहिलं अन् विचारणं सोडलं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, कचरूनं सगळं बसवलं. सेन्सर झाकणाखाली कुठं लावायचा हे त्यानंच ठरवलं. तोंडाजवळ एक लोखंडी कडं होतं, हात पुरेल अशी जागा. त्याच्या शेजारी दोन नट मारले. मग खाली आला. चारही दिवे लागलेले होते अन् टाकी खरोखर भरलेली होती. गुरुवारी एकेक इझत गेला, एकेक लागत गेला. कचरू तरीही तीन डाव वर गेला, दिवा खरं सांगतो का ते पाहायला. शुक्रवारी दोनच डाव गेला. रविवारी एकच.

सोमवारी सकाळी तो नेहमीच्या कामाला वर गेला. दुपारी खाली तीन दिवे पाहिले, पाऊण टाकी. त्यानं मोटार चालू केली नाही, वरल्या आळीचा वॉल्व्ह खोलला अन् भाकर खायला बसला.

अर्ध्या तासात जानराव रिकामा हंडा घेऊन टेकाड उतरून आला. हंडा त्यानं वॉल्व्हच्या खोलीसमोर आदळला.

"काय बे कचरू! पाणी कोठी हाय?"

"सोडलं ना."

"काय सोडलं? तोटीतून नुसता वारा येऊन राह्यला. आता तुह्ये दिवे पेऊ का मी?"

कचरूनं वर पाहिलं, दिव्यांकडं पाहिलं. तीनही चालू. मग पान्हा खाली ठेवून चढायला लागला. बहात्तर पायऱ्या. वर झाकण सरकवलं तर पाणी तळाला लागलेलं. वरल्या आळीला त्या दिवशी पाणी मिळालं नाही. बावीस वर्षांत असं चौथ्यांदा झालं. आधीचे तिन्ही डाव मोटार जळलेली होती.

गजेंद्र सांजच्याला आला. ओरडला नाही, म्हणून कचरूला ते जास्त लागलं. "काका, झालं आता. दिवे काढून ठेवा. एक तारीख येऊनच राह्यली."

"पंचवीस दिवस हायेत," कचरू म्हणाला.

"अन् तवर लोकायनं काय प्यायचं?"

"तवर मी चढतो. दिवे राहू द्या. दिव्यावर भरोसा ठेवून वॉल्व्ह खोलणार नाई. पण काढणारबी नाई."

वहीची उरलेली पानं त्या दिवसापासून कामाला लागली. तारीख, वार, मोटार किती वेळ चालली, दिवे किती, वर जाऊन पाहिलं तेव्हा पाणी किती हात. मंगळवारीही तीन दिवे अडकून बसलेले. तो महामायाकडं गेला. तिनं सेन्सर बदलून दिला. बुधवारी सगळं बरोबर. "सेन्सरच खराब होता," ती म्हणाली. गुरुवार बरोबर, शुक्रवार बरोबर, रविवारपर्यंत बरोबर. सोमवारी पुन्हा तीन दिवे, अन् टाकीत पाणी दोन हात.

या डावाला वॉल्व्ह खोलला नव्हता, म्हणून गावाला काही कळलं नाही. कचरूला मात्र घास गोड लागेना. नवा सेन्सर सोमवारीच कसा बिघडला? त्यानं वहीचं पान महामायासमोर धरलं. सोमवार-मंगळवार चूक. सोमवार-मंगळवार चूक. बाकी सारे वार खरे.

"सोमवारी लाइनीचा टाइम बदलते ना तुमच्याकडं?" तिनं विचारलं. "करंट कमी-जास्त होत असंन."

कचरूनं बोर्ड बॅटरीवर घेतला. महामायानं सांगितलं तसं हुकमांत बदल केला. एका मापावर विश्वास नाही ठेवायचा, पाच मापं घ्यायची, त्यातलं मधलं धरायचं. हे सारं त्यानं स्वतः लिहिलं अन् या डावाला एकही शेपटी राहिली नाही. मंगळवार संपला की दिवे नीट, पुन्हा रविवारपर्यंत नीट. एक तारखेला आता बाराच दिवस उरले होते.

तिसऱ्या सोमवारी सकाळी तो वर निघाला तर शालूबाई मागोमाग आली. गुडघा चाळिसाव्या पायरीवर अडकला होता तेव्हापासून ती अधूनमधून अशी खाली येऊन उभी राहायची.

"पडलो तं झेलणार हायेस का?"

"झेलाले मले येड लागलं? पण कोणी पाह्यलं तं पायजे. नाईतं जानरावभाऊच सांगन गावाले, त्याच्या मनानं."

कचरू वर गेला. सोमवारचं काम म्हणजे ब्लीचिंग. भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, त्यात पावडर अन् ओली वाळू, दोरीनं टाकीत सोडायचा. पावडर हळूहळू पाण्यात उतरते. बुधवारी सकाळी रिकामा डबा काढून घ्यायचा. दोरी बांधायची त्या लोखंडी कड्याला. बावीस वर्षं तेच कडं. दीड हात दोरी, तीच गाठ. त्या सकाळी टाकी अर्ध्याहून खाली होती. कचरूनं डबा सोडला, गाठ मारली.

खालून शालूबाई ओरडली, "अहो! पाणी भरलं का वो?"

"मोटार बंद हाय! कायचं पाणी?"

"मंग तिसरा दिवा कसा लागला?"

कचरू तिथंच बसला. डोकं आत घातलं. वाकून पाहिलं. पाणी पार खाली, चार हातांवर. त्याच्या वर, हवेत, दीड हातावर त्याचा डबा लोंबत होता, सेन्सरच्या बरोबर डोळ्यांसमोर. त्यानं दोरी धरून डबा वर खेचला.

"इझला!" खालून आवाज आला. "दोन इझले. एकच राह्यला."

त्यानं सोडला.

"लागले!"

खेचला.

"इझले! अहो, वर काय खेळ लावला?"

सेन्सरची चूक नव्हती, हुकमाची नव्हती, लाइनीचीही नव्हती. गड्यानं सांगितलेलं काम चोख केलं होतं. समोर जे आहे ते किती लांब आहे, एवढंच त्याला विचारलं होतं. पाणी वर असलं की डबा बुडालेला, म्हणून पाणी दिसायचं. पाणी खाली गेलं की डबा उघडा, म्हणून डबाच दिसायचा. अन् डबा लोंबवणारा माणूस बावीस वर्षांच्या सवयीनं लोंबवत होता. त्यानंच सेन्सरची जागा निवडली होती, त्याच कड्याजवळ, कारण तिथं हात जातो म्हणून.

तो खाली आला. शालूबाईनं विचारलं, "काय झालं?"

"मीच सोमवार होतो," तो म्हणाला. तिला कळलं नाही. त्यानं तिला टाकी, दोरी अन् डबा हातानं दाखवलं तेव्हा कळलं.

"मंग दुसऱ्या कोपऱ्यात लोंबवा."

कचरूनं पायरीकडं पाहिलं, गुडघा चोळला. "लोंबवाले वर काऊन जायचं?"

विहिरीचं पाणी आधी टाकीशेजारच्या जमिनीतल्या हौदात पडतं, तिथून मोटार ते वर फेकते. हौद टाकीनंतर दहा वर्षांनी बांधला. पावडर मात्र जिथं पडायची तिथंच पडत राहिली, कारण कोणी विचारलंच नव्हतं. कचरूनं उपकेंद्रातल्या आरोग्यसेवकाला विचारलं. तो म्हणाला, "शेवटच्या तोटीत रंग आला म्हणजे झालं." दुसऱ्या दिवशी डबा हौदात सोडला, मोटार चालवली अन् टेकाडावरच्या शेवटच्या तोटीचं, म्हणजे जानरावच्याच अंगणातलं, पाणी छोट्या नळीत धरलं. आरोग्यसेवकानं दिलेल्या औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळसर झालं, म्हणजे पावडर तिथवर पोचली होती.

"पाण्यात काय टाकून राह्यले बे हे?" जानराव.

"बावीस वर्सं टाकूनच राह्यलो. आज खालून टाकलं."

पुढं दहा दिवस वहीत एकही चूक पडली नाही. सोमवारचंही पान साफ.

एक मेला झेंडा झाला अन् सभा टाकीजवळच्या चिंचेखाली भरली, कारण कचरूनं तसं मागितलं. ऊन असं की लोखंडाला हात लावला तर हात भाजावा. गजेंद्र कागद घेऊन उभा राहिला. कचरू त्याच्या आधी बोलला.

"सरपंच, नाव लिहायच्या आधी पाहून घ्या. अर्ध्या टाकीवरचा दिवा इझला की पाणी अर्ध्यावर पायजे. माह्यी दोरी घ्या. साडेतीन हातांवर गाठ हाय. टाकीच्या तोंडाशी दोरीचं टोक धरा, मी वॉल्व्ह खोलतो. दिवा इझला की मी हाक मारीन. पाणी गाठीवर असलं तं मी खरा. नाईतं कोणाचंबी नाव लिहा."

"वर कोण जाईन?" कोणीतरी विचारलं.

सगळ्यांनी बहात्तर पायऱ्यांकडं पाहिलं. कोणी हललं नाही.

"सरपंचच चढू द्या ना," जानराव म्हणाला. "तरणा हाय. निवडून द्याले आपण शाळेच्या पायऱ्या चढलो, आता तो चढंन."

हशा झाला. गजेंद्रनं चपला काढल्या, उन्हात तापलेल्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून पुन्हा घातल्या अन् चढायला लागला. तिसाव्या पायरीवर थांबला, पन्नासाव्या पायरीवर पुन्हा थांबला. वर पोचल्यावर त्यानं टाकीच्या कठड्याला दोन्ही हात लावले.

"कचरूकाका," वरून धापा टाकत हाक आली, "तुम्ही हे दिवसातून तीन डाव करता?"

"दोरी सोडा! बोलू नका, दम जाते!"

वॉल्व्ह खोलला. पाणी जायला लागलं. सभा दिव्यांकडं पाहत होती. दोन दिवे चालू, पाव अन् अर्धी. दहा मिनिटं गेली, वीस गेली. कोणी तंबाखू मळला. शालूबाई बायकांत बसली होती, पदर तोंडाशी धरून. कचरूचा हात वॉल्व्हच्या चाकावरच होता.

दिवा इझला.

"गजेंद्र! मोजा!" कचरूनं चाक फिरवून पाणी बंद केलं.

वरून आवाज आला, "गाठीपाशीच हाय! गाठीच्या खाली उलीसं. चार बोटं!"

"चार बोटं!" जानराव उठला. हातातला तंबाखू त्यानं झटकला. साऱ्यांना वाटलं, आता हा काही तरी काढणार. तो चार बोटं डोळ्यांसमोर धरून पाहत राहिला. "एवढ्यानं माह्यी तोटी फुसफुसत नाई. लिहा बे त्याचंच नाव." अन् तो खाली बसला.

गजेंद्र उतरून आला तेव्हा त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. ठराव लिहिला गेला. पाणीपुरवठ्याचं काम कचरू सरकटे यांच्याकडंच राहील. त्यांनी पायरीवर पाय ठेवू नये, वर्षातून दोन डाव टाकी धुवायला दुसरा माणूस लावावा. हात वर झाले. सभा उठली. कोणी कचरूच्या पाठीवर थाप मारली.

कचरू तिथंच ओट्यावर बसून वहीत लिहीत होता. एक मे, दुपार, कडक ऊन. अर्ध्याचा दिवा चार बोटं उशिरा इझला. मग त्यानं मोबाइल काढला.

"ताई, चार बोटं फरक पडला."

"काय झालं सभेचं?" महामायानं विचारलं.

"ते झालं. चार बोटं कोठून आले ते सांगा."

ती म्हणाली, "तुमच्या टाकीत आता गरमी किती असंन? आवाज उन्हात जोरात पळते, भाऊ. आपण त्याच्या चालीचा आकडा फेब्रुवारीत लावला होता, थंडीत. आता तो लवकर माघारी येते, म्हणून बोर्डाले पाणी आहे त्याच्याहून जवळ वाटते."

कचरूनं हे वहीत उतरवलं. खाली रेघ मारली. "मंग त्याले ऊन किती हाय ते सांगणारं काही भेटते का?"

"भेटते ना. तीन पायाचं, हरभऱ्याएवढं. पण हुकूम नवे लिहाव लागतीन."

"काढून ठेवा. मी येऊन राह्यलो."

"आज सुट्टी हाय, कचरूभाऊ. महाराष्ट्र दिन."

"आवाजाले हाय का सुट्टी?"

त्यानं वही पिशवीत घातली, पिशवी खांद्याला लावली. शालूबाईनं विचारलं, "आता कोठी?" त्यानं जानेफळच्या रस्त्याकडं मान हलवली. तिनं भाकर बांधून आणलीच होती, सभा लांबेल म्हणून. ती त्याच्या हातात दिली. कचरू उजवा पाय जरा ओढत फाट्याकडं निघाला, जीप सुटायच्या आत.